हात, साहित्य आणि आनंद

भिंगरी हल्ली कुठलंच काम पुरं करत नाही, अशी आजीची तक्रार होती, आणि ती तक्रार ऐकायची कुणाची तयारी आहे की नाही हे न बघता आजी ती सगळ्यांना ऐकवत होती. भिंगरी म्हणजे तिची नात, बालवाडीच्या मोठ्या गटातली. रांगायला लागल्यापासून एका जागी टिकली नाही म्हणून घरात हे नाव पडलेलं. तीच पोरगी आता सकाळी दात घासायचा ब्रश तोंडाजवळ न्यायची, तिथेच धरायची, मान किंचित तिरकी करून गोड हसायची आणि ब्रश परत पेल्यात ठेवून द्यायची. घास उचलायची, ओठांपर्यंत आणायची, हसायची आणि ताटात ठेवायची. केस विंचर म्हटलं की कंगवा कपाळाला टेकवून पुतळ्यासारखी उभी. जेवलीस का विचारलं तर हो म्हणायची. तोंड चुकवून नव्हे, अगदी डोळ्यांत डोळे घालून.

सुनेने मोबाइलवर वाचून सांगितलं की या वयात मुलं असं करतात, आपण लक्ष दिलं नाही की आपोआप सुटतं. आजीने तीन पोरं मोबाइल न वाचता वाढवली होती आणि त्यांतलं एकही घास तोंडापर्यंत आणून परत फिरलेलं नव्हतं. मुलाने तर तिला वेड्यात काढलं. म्हणाला, शाळेत ती सगळं स्वतःच्या हातांनी करते, हा बघ पुरावा. आणि फोटोंची माळच दाखवली. भिंगरी पेल्यात पाणी ओतताना, भिंगरी कुंडीत बी पेरताना, भिंगरी मातीचा गोळा वळताना, भिंगरी बटण लावताना. प्रत्येक फोटोखाली मुलाने लाल बदाम पाठवलेला. घरातल्या भिंगरीकडे बघायला त्याला फारसा वेळ मिळत नसे. फोटोतल्या भिंगरीवर मात्र त्याचा फार जीव होता.

पण त्या शेवटच्या फोटोवर आजीची नजर अडकली. बटण.

त्याचं असं होतं की मुलगा आणि सून दोघं सकाळी लवकर कामाला निघून जात आणि भिंगरीला तयार करायचं काम आजीकडे. फ्रॉकला पुढून बटणं, थंडीचे दिवस म्हणून वर स्वेटर, त्यालाही बटणं. आणि आजीची बोटं आखडली होती. एका हिवाळ्यात करंगळी रुसली, पुढच्या हिवाळ्यात बाकीच्यांनी तिची बाजू घेतली. आता बटण चिमटीत यायचं, काजाच्या तोंडाशी जायचं आणि तिथून निसटायचं. आजी भिंगरीला पोटाशी घट्ट धरून झटायची, मग पदराआड सेफ्टी पिन काढून स्वेटर टाचायची आणि वरून मफलर गुंडाळायची. स्वतःच्या स्वेटरचंही तसंच. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच तर म्हणायची, हल्लीची बटणंच गुळगुळीत, पूर्वीसारखा माल येत नाही. कारण मुलाला कळलं तर तो हळहळणार, डॉक्टर करणार आणि मग घरात एक बाई ठेवणार. म्हणजे जिच्या शब्दाशिवाय या घरात चमचा जागेवरून हलला नाही, तिला कुणीतरी परकी बाई रोज सकाळी उभी करून कपडे घालणार. त्यापेक्षा सेफ्टी पिन बरी. एकदा भिंगरी बटणं लावायला शिकली की प्रश्न मिटला. तिची ती लावेल आणि माझीही गंमत म्हणून लावेल, कुणाला काही कळायचं कारण नाही. असा आजीचा हिशेब.

आणि फोटोत भिंगरी बटण लावत होती. घरी मात्र बटणावर बोट ठेवून हसत होती. मग आजी मफलर बांधून शाळेत गेली.

शाळेच्या दारावर रंगीत अक्षरांत लिहिलेलं होतं: येथे मूल हातांनी शिकते. आजीला एका इवल्याशा खुर्चीत बसवलं, तिचे गुडघे हनुवटीला लागले. वर्गावरच्या ताई, कोवळ्या वयाच्या आणि दमलेल्या, त्यांनी सगळं समजावून सांगितलं. या शाळेत पाठांतर नाही, पुस्तक नाही. मूल करतं आणि करता करता शिकतं. त्याने काय केलं याचा फोटो दुपारच्या आत प्रत्येक पालकाला पोचतो, हा शाळेचा शब्द आहे. फोटोचे नियम भिंतीवरच लावलेले होते. फोटोत तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: हात, साहित्य आणि आनंद. हात मुलाचेच हवेत. साहित्य पार्श्वभूमीत हरवता कामा नये. आनंद म्हणजे वरचे दात दिसणे. आता या वयात मुलांचे पुढचे दात पडतात आणि पडलेल्या दातांमुळे आनंदाचं प्रमाण घसरतं, असं मागच्या वर्षी लक्षात आल्यावर दात पडलेल्यांसाठी वेगळी सवलत ठेवली होती. त्यांनी भुवया वर केल्या तरी तो आनंद धरत.

मग कृतीचा तास सुरू झाला आणि आजी बघत राहिली.

मुलं रांगेत आली. मदतनीस बाईंनी पहिल्या पोराच्या हातात जग दिला, पेल्यावर तिरका धरायला लावला, ताईंनी फोटो काढला, जग पुढच्या पोराच्या हातात गेला. पेला आधीच भरलेला होता. जग रिकामा. ताई म्हणाल्या, पाणी ओतलं की फोटो हलतो आणि टेबल पुसण्यात वेळ जातो. एका पोराने कुठून तरी जगात पाणी आणलं आणि खरंच ओतलं. त्याला बाजूला घेऊन प्रेमाने समजावण्यात आलं. ताई आजीच्या कानाशी म्हणाल्या, मुलगा हुशार आहे पण थांबत नाही, पुढे निघून जातो. बी पेरायच्या कुंडीत आधीपासून हातभर वाढलेलं रोप होतं, म्हणजे पेरणी आणि उगवण अशा दोन्ही कृती एका फोटोत बसत. माती मळायला सगळ्यांनी हातमोजे घातले होते. मातीही धुतलेली होती.

भिंगरीची पाळी आली तेव्हा आजीचा ऊर भरून आला, सवयीने. पोरगी प्रत्येक वस्तूपाशी गेली, धरली, मान तिरकी केली, हसली, सोडली. एकही हालचाल जास्तीची नाही. ताई म्हणाल्या, वर्गात हिच्याइतकी तयार मुलगी दुसरी नाही.

शेवटी बटणांची चौकट आली. लाकडी चौकटीत कापडाच्या दोन पट्ट्या, मध्ये मोठमोठी बटणं, सगळी लावलेली. मुलं येऊन पहिल्या बटणावर बोट ठेवत होती आणि जात होती. आजीने एक चौकट मांडीवर ओढली आणि एक बटण काढायला गेली. हललं नाही. दुसऱ्याला धरलं, तेही जागचं हलेना. काल निदान काढता येत होती. आता तेही गेलं? तिने चष्मा खाली ओढून नीट बघितलं आणि तिला दिसलं की बटणं काजांतून आरपार दोऱ्याने शिवून टाकलेली आहेत. दोन्ही पट्ट्या जन्माच्या एकत्र. आधी तिचा जीव भांड्यात पडला, मग तोच जीव संतापाने वर आला.

"ही शिवून का टाकलीत गं?"

"मुलं उघडतात हो, आजी," ताई म्हणाल्या. "आणि एकदा उघडली की लावत बसतात."

आजी उठली, म्हणजे खुर्चीसकट उठली, खुर्ची मागून कुणीतरी काढून घेतली, आणि ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाईंनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा आवाज असा की मऊ गादीवर कुणी बसल्यासारखं वाटावं. त्या म्हणाल्या, आजींची भावना त्यांना समजते, परंतु पूर्ण झालेल्या कृतीत मुळातच एक अडचण असते.

"बटण लावून झालं की हात बाजूला जातो. हात बाजूला गेला की फोटोत नुसतं बटण उरतं. ते कुणी लावलं, मुलाने लावलं की दुकानातूनच तसं आलं, पालकांना कसं कळणार? आमची शाळा हातांनी शिकवणारी आहे, आजी. हात दिसायला हवे असतील तर काम चालू राहिलं पाहिजे. आणि काम चालू ठेवायचं असेल तर ते संपता कामा नये."

वाद घालत बसण्यापेक्षा आजी कृती करायची. तिने वर्गात येऊन कात्री मागितली. शाळेत कात्र्या होत्या, रंगीत आणि सुरेख, पण त्या कापत नसत. मुलांनी कात्री धरायला शाळेची परवानगी होती, कापायला नव्हती. मग आजीने पहिली चौकट तोंडाशी नेली आणि तिच्या उजव्या जबड्यात जे दात शाबूत होते त्यांनी दोरे तोडायला सुरुवात केली. ताई म्हणाल्या, आजी, आजी, ते शाळेचं साहित्य आहे. आजीने दोरा थुंकला आणि दुसरी चौकट घेतली.

पहिलं बटण सुटलं तेव्हा सगळी पोरं जवळ सरकली. बटणाला दुसरी बाजू असते हे त्या पोरांना ठाऊकच नव्हतं. एकाने ते काढलं, लावलं, काढलं आणि अशा आवाजात हसला की त्या हसण्याला भिंतीवरचा कुठलाच नियम लागू होईना. मग बाकीचे तुटून पडले. चौकटी पुरेनात तेव्हा पोरांनी एकमेकांचे फ्रॉक आणि सदरे घेतले. दोन पोरं एकमेकांच्या सदऱ्यांना लावली गेली आणि एकाच दिशेने जायचं की दोन, यावर त्यांचं भांडण जुंपलं. एकीने पडद्याच्या झालरीला बटणं शोधून काढली. मदतनीस बाई एप्रनसकट खुर्चीला लावल्या गेल्या आणि त्या तिथून फक्त सूचना देत राहिल्या. ज्याने खरं पाणी ओतलं होतं तो पोरगा या गोंधळात सगळ्या पेल्यांत पाणी ओतून मोकळा झाला. भिंगरी मात्र एका कोपऱ्यात खाली बसली होती, जीभ बाहेर, कपाळावर आठ्या, एका बटणाशी झटत. आजीने तिचं असं तोंड कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

या सगळ्याचा एकही फोटो निघाला नाही. ताईंनी प्रयत्न केला, पण एक पोर जागेवर थांबेना.

दुपार झाली. पालकांच्या मोबाइलवर काहीच आलं नाही. आधी कुणीतरी ग्रुपवर विचारलं, आज शाळेला सुट्टी आहे का? मग विचारलं, सगळं ठीक आहे ना? मग एका वडिलांनी लिहिलं की मागच्या महिन्यातही एकदा उशीर झाला होता आणि तेव्हाच आपण गप्प बसायला नको होतं. थोड्या वेळाने फाटकाशी गर्दी जमली. हातातली कामं टाकून लोक आले होते. आतून पोरांच्या हसण्याचा कल्लोळ रस्त्यापर्यंत येत होता, त्यामुळे पालक आणखीच घाबरले. एक आई तर रडकुंडीला येऊन म्हणाली की सकाळपासून तिच्या मुलाने आज काहीच केलं नाहीये, आणि शाळा दार उघडत नाहीये. तिचा मुलगा खिडकीतून तिला हाक मारत होता, स्वतःचा सदरा उघडून आणि मिटून दाखवत होता. तिने त्याला हाताने गप्प केलं. तिचे डोळे मोबाइलवर होते.

मोठ्या बाईंनी दार उघडलं आणि पालकांना आत घेतलं, कारण दुसरा इलाज नव्हता. आणि गर्दीसमोर उभं राहून त्यांनी जे केलं त्याबद्दल आजी त्यांना आजही मानते. त्या म्हणाल्या, आज शाळेने एक विशेष उपक्रम ठेवला होता, ज्येष्ठ हातांकडून कोवळ्या हातांकडे; या आजी आज मुलांना बटण लावायला शिकवायला आल्या आहेत, आणि त्या आता सर्वांसमोर एक बटण लावून दाखवतील.

सगळ्यांच्या माना आजीकडे वळल्या. त्यात तिचा मुलगाही होता, कचेरीतून धावत आलेला, गळ्यात ओळखपत्र लोंबतंय. आजीची बोटं पदराखाली गेली. इथे, या सगळ्यांसमोर, बटण काजाशी जाणार आणि निसटणार. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि मुलाच्या चेहऱ्यावर ती हळहळ उगवणार.

ताईंनी एक चौकट तिच्या मांडीवर ठेवली. गडबडीत एकच वाचलेली, अजून शिवलेली. आणि त्या हळूच म्हणाल्या, "लावायचं नाही, आजी. नुसतं बोट ठेवा."

आजीने बोट ठेवलं. पुढचे दात नव्हते म्हणून भुवया वर केल्या. फोटो निघाला.

तो फोटो कुठे कुठे गेला ते सांगत बसत नाही, तुम्हालाही आलाच असेल, आणि तुम्हीही पुरता न बघता अंगठा पाठवला असेल. आजीची धाकटी बहीण, जी एका लग्नातल्या मानपानावरून रुसून बोलेनाशी झाली होती, तिचे एकदम चार बदाम आले. सुनेने तो फोटो मोबाइलच्या दर्शनी भागावर लावला. आणि मुलगा रात्री जेवताना म्हणाला, "आई, या वयात तुझी बोटं किती छान चालतात गं. मी उगाच काळजी करत होतो."

आजीने तो फोटो मागून घेतला आणि बराच वेळ बघितला. खरंच छान चालत होती बोटं. फोटोत कुठे आखडलेली दिसत नव्हती. एक बटण लावायच्या बेतात असलेली, कुणालाही हेवा वाटावा अशी बोटं.

त्यानंतर शाळेने तिला मानद अनुभव-आजी नेमलं. चौकटी पुन्हा शिवल्या गेल्या, या वेळी दुहेरी दोऱ्याने, आणि शिवण पक्की आहे की नाही हे आजी स्वतः दाताने तपासायची. तिला इतर कृतीही देण्यात आल्या. आजी सुईत दोरा ओवताना, आजी गाठ मारताना, आजी बरणीचं घट्ट झाकण उघडताना. बरणीला झाकण मुळात नुसतं ठेवलेलं असे. घरी ज्या ज्या गोष्टी तिच्या हातून निसटत होत्या, त्या सगळ्या शाळेत तिला जमत होत्या, आणि जमल्याचे पुरावे रोज दुपारी घरी येत होते. एखादं पोर खरंच काही करायला लागलं तर आता आजीच त्याला आवरायची, आणि तिचं आवरणं ताईंसारखं प्रेमाचं नसायचं.

शाळेची कीर्ती वाढली. पालकांनी मागणी केली की नुसत्या वर्गातच का, सगळीकडेच पारदर्शकता हवी. मग बसचालकाला नियम लागू झाला: हात, स्टिअरिंग आणि आनंद. बसचा फोटो वेळेवर पोचायचा, बस फाटकातच उभी असायची, आणि पालक आपापल्या मुलांना चालत घेऊन जाताना तो फोटो बघायचे. आग लागल्यास काय करावे याचीही कृती झाली. बादल्यांवर हात ठेवून उभ्या असलेल्या शिक्षकांचा तो फोटो इतका सुंदर आला की आग विझली असं सगळ्यांना मनापासून वाटलं.

मग एक थंड सकाळ आली. सून लवकर गेली होती, मुलगा त्या दिवशी उशिरा निघणार होता, आत आंघोळ करत होता. आजी खिडकीशी उभी राहून स्वतःच्या स्वेटरशी झटत होती. सेफ्टी पिन कुठे पडली होती सापडत नव्हती. भिंगरी फ्रॉक घालून येऊन उभी राहिली आणि बघत राहिली. आजीला वाटलं, आता ही बोट ठेवेल आणि हसेल.

"आजी, तुझी बोटं दुखतात ना?" भिंगरी म्हणाली. "थांब. मी लावते."

आणि ती लावू लागली. त्या गोंधळाच्या दिवसापासून पोरगी कुणाचं लक्ष नसताना उशीच्या अभ्र्यावर सराव करत होती, हे आजीला तेव्हा कळलं. जीभ बाहेर आली, कपाळावर आठ्या पडल्या. खालून वर लावत गेली आणि वर पोचल्यावर एक काज उरलं. भिंगरीने एकदा वर बघितलं, एकदा खाली, सुस्कारा सोडला, आणि सगळी काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिचा ऊबदार श्वास आजीच्या हातांवर येत होता. शेवटचं बटण गळ्याशी बसलं, नीट, सरळ. मग भिंगरीने स्वतःची लावली, तीही सगळी, आणि हात बाजूला केले. हसायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

तेवढ्यात मुलगा केस पुसत बाहेर आला. स्वेटरकडे बघून म्हणाला, अरे वा, काय चाललंय?

"आजीला लावता येत नाहीत ना," भिंगरी म्हणाली, "म्हणून मी लावली. तिचीपण आणि माझीपण."

मुलाने आईकडे बघितलं. तिच्या हातांकडे बघितलं. त्याच्या भुवया जवळ आल्या, आणि ती हळहळ, जिच्यापासून आजी इतके दिवस पळत होती, त्याच्या चेहऱ्यावर उगवू लागली. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, बहुधा सवयीने, आणि विचारलं, खरंच हिने लावली? फोटो आहे?

आजीने हात पाठीमागे नेले. ताठ उभी राहिली. गळ्याशी बटण टोचत होतं, इतकं नीट लागलं होतं. आणि तिने भिंगरीकडे बघून, मुलाला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"आजीला येत नाहीत म्हणे. शाळेचे एवढे फोटो काय खोटे बोलतात? आणि तू लावलीस म्हणतेस, ते कुणी बघितलं? लावलेलं बटण सगळ्यांचं सारखंच दिसतं, भिंगरे. काढ सगळी. पहिल्यावर बोट ठेव, दात दाखव आणि बाबाचा फोटो काढून होईपर्यंत हलू नकोस. मग म्हणू आम्ही, पोरगी शिकली."